ताट रिकामं आहे का?

मागच्या महिन्यात आमच्या हिच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. जेवणाला बुफे होता, पण आम्हा म्हाताऱ्यांसाठी बाजूला चार टेबलं मांडून बसून जेवायची सोय केली होती. माझ्या शेजारी थोरले साडू. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडा काळ्या. आदल्याच दिवशी गाडीचं ऑइल बदललं होतं. साबण, कपड्याची पावडर, लिंबाची साल, सगळं लावून झालं तरी ते काळं दोन-तीन दिवस काही जात नाही.

"मास्तर, अजून ते उद्योग चालूच का?" असं म्हणून त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना कुत्र्याची गोष्ट सांगायला घेतली.

आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २०१० साल, वाईहून सुरूर फाट्याकडे जाणारा रस्ता, गाडीवर मी आणि मागे ही. कुत्रं आडवं आलं, मास्तरांनी कचकन ब्रेक मारला, गाडी घसरली, हिचं मनगट मोडलं. गेल्या पंधरा वर्षांत ते कुत्रं दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं आहे. या खेपेला ते जवळजवळ वासराएवढं झालं होतं. सगळे हसले. मीही हसलो आणि जिलबी तोंडात घातली. समोर बसलेल्या हिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात बघायला लागली.

परतताना एस.टी.त मी तिला म्हणालो, "आता सांगून टाकू का?"

"सांगा की," ती म्हणाली. "आता गाडी विका म्हणणारे उरलेत कोण?" थोड्या वेळाने म्हणाली, "एक आपला मुलगा सोडून."

तर मंडळी, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे. पण सवयीप्रमाणे आधी थोडं मागे जातो. शिक्षकाला मागचा धडा घेतल्याशिवाय पुढचा घेता येत नाही!

नोकरीला लागलो तेव्हा शाळा वाईपासून आत डोंगराच्या पायथ्याशी होती. एस.टी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. चार वर्षं सायकल मारली आणि १९७६ साली एक जुनी राजदूत घेतली. आजच्या मुलांना राजदूत म्हणजे परदेशातला वकील वाटेल. आमची राजदूत म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीची १७५, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागणारी. गाडी मजबूत, पण लहरी. ऑइल जळून प्लगच्या दोन टोकांमध्ये काजळी साठायची आणि मधेच, बहुधा चढावर, गाडी फटफट करून बंद पडायची. म्हणून शर्टाच्या खिशात पेन, पिशवीत प्लगचा पाना आणि एक साफ केलेला जादा प्लग हे हवंच. रस्त्याकडेला उकिडवं बसून गरम प्लग रुमालाने धरून काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, अंतर अंदाजाने नीट करायचं, पुन्हा लावायचा. पहिल्या तासाला उशीर झाला की मुलं माझ्या हातांकडे बघून कारण ओळखायची.

तेव्हा गाडीचं काम घरी करणं हा छंद वगैरे नव्हता. गावात मिस्त्री एकच, त्याच्याकडे ट्रॅक्टरची रांग, आणि माझा पगार किती ते सांगायला नको. पण तो मिस्त्री मनाने मोठा. मला शेजारी बसू द्यायचा. पॉइंट कसे साफ करायचे, सायलेन्सरमधला कार्बन कसा काढायचा, क्लचची केबल तुटायच्या आधी तिची एकेक तार कशी सुटायला लागते, हे सगळं त्याने दाखवलं. तो म्हणायचा, ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट क्रमाने लावायचं, बाकी यात काही नाही. मी मराठी शिकवणारा माणूस. मला ते सामासिक शब्दासारखं वाटायचं. विग्रह कोणीही करतो, पुन्हा समास जुळवताना एखादं पद हातात उरलं की घाम फुटतो.

१९९८ साली राजदूत गेली आणि हीरो होंडाची स्प्लेंडर आली. ती आजही आहे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली तेव्हा तिची जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा! राजदूतवाल्याला ही जाहिरात म्हणजे स्वर्गातलं आमंत्रण. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि सरासरी अशी की पंपावरचा पोरगा आपल्याला विसरून जावा. स्प्लेंडर त्याच घराण्यातली. (हीरो आणि होंडा यांनी वेगळं व्हायचं ठरवलं ते २०१० च्या डिसेंबरात, आणि पुढच्या वर्षी कंपनीचं नावही बदललं. माझ्या टाकीवर मात्र दोघांचा संसार अजून सुखाने चालू आहे.)

विसरून जा म्हटलं तरी मला विसरणं जमेना. बावीस वर्षांची सवय. गाडीबरोबर पुस्तिका मिळाली होती, ती मी बसून वाचली आणि एका शंभर पानी वहीत मराठीत उतरवून काढली. सुरुवातीला मोठ्या उत्साहाने प्रतिशब्दही पाडले. स्पार्क प्लगला 'ठिणगीखुंटी', क्लचला 'विलगक'. ही वही एकदा गॅरेजवाल्याच्या हाती लागली. तो माझाच विद्यार्थी, आठवीत व्याकरणात कायम काठावर पास. त्याने 'विलगक' वाचलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला नापास करत होता ते बरोबरच होतं. आम्हाला अजून कळत नाही." तेव्हापासून माझ्या वहीत प्लग म्हणजे प्लग आणि क्लच म्हणजे क्लच.

या विद्यार्थ्याने मला बरंच शिकवलं. ऑइल बदलण्याचंच बघा. दिसायला किती सोपं! गाडी पाच मिनिटं चालवून इंजिन कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळातली घाण घेऊन खाली येतं. सपाट जागेवर गाडी डबल स्टँडला लावायची, खाली जुनी परात, वरचं टोपण सैल करायचं आणि इंजिनाच्या पोटाखालचा सतरा नंबरचा बोल्ट खोलायचा. काळं ऑइल धार धरून पडतं. काळं झालं म्हणून घाबरायचं नाही, ते त्याचं कामच आहे. पण दोन बोटांत घेऊन उन्हात बघायचं, त्यात धातूची चमचम दिसली तर मात्र गाडी थेट गॅरेजला. धार थांबून थेंब झाले तरी दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मी तेवढ्यात चहा घेतो.

खरी मेख बोल्ट परत लावताना. इंजिनाचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादी. पहिल्याच वेळी मी पाना घेऊन जोर लावायला निघालो तेव्हा हा ओरडला, "सर, थांबा! आधी हाताने तीन-चार आटे बसू द्या. हाताने गेला तर तो सरळ गेला. पाना फक्त शेवटी." आणि शेवटीही पहिलवानकी करायची नाही. ऑइल गळेल या भीतीने लोक इतकं आवळतात की आटेच जातात, मग दोनशे-तीनशे रुपयांचं काम हजारांवर जातं. गळू न देण्याचं काम जोराचं नाही, बोल्टखालच्या वायसरचं आहे. ते दबलेलं असेल तर नवीन घालायचं.

ऑइल मोटरसायकलचंच घ्यायचं. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा मला त्यांच्या मोटारीचं उरलेलं महागाचं ऑइल देऊ केलं होतं. मोटारीत इंजिनाचं ऑइल आणि क्लच यांचा संबंध नसतो. आमच्या गाडीत क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती इथे घातली तर क्लच घसरायला लागतो. म्हणून बाटलीवर 'जासो एमए' असं लिहिलेलं बघून घ्यावं. स्प्लेंडरसाठी ९०० मिलीची बाटली मिळते. ती एकदम उपडी न करता थोडं राखून ओतायचं, मग टोपणाला जोडलेली पट्टी पुसून, टोपण न फिरवता नुसतं टेकवून पातळी बघायची. दोन खुणांच्या मध्ये असली की झालं. जास्त घातलं म्हणून गाडी जास्त पळत नाही.

जळकं ऑइल मी परत त्याच बाटलीत भरून गॅरेजला देतो. पूर्वी आम्ही ते वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासायचो, मातीत मुरायचं. आता करत नाही. आणि गटारात तर मुळीच नाही, आपल्या गावाला कृष्णा आहे.

चेनचं मी फार लांबवत नाही. रेशनचं रॉकेल मिळायचं तोपर्यंत रॉकेल, आता थोडं डिझेल, जुना टूथब्रश, कोरडी चिंधी आणि मग नव्वद नंबरचं ऑइल थेंब थेंब. फक्त एक सांगतो, आणि हे घरातल्या तरुणांनी दोनदा वाचा. चेन पुसताना इंजिन बंद हवं, गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, पहिला गिअर टाकून, फिरत्या चेनला चिंधी लावणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. चिंधी चेनवर ओढली जाते आणि तिच्यामागून बोटं. माझ्या माहितीतल्या एकाची दोन पेरं गेली आहेत.

टॅपेट, क्लच प्लेट, कार्बोरेटरची जेट ही कामं मी घरी करत नाही. अंदाजाने करायची ती कामं नव्हेत. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच गेला, सगळं संगणकावर. माझ्या मुलाची नवी गाडी मी नुसती पुसतो. तरी चेन, ब्रेक, टायरची हवा, ऑइल हे त्यातही आहेच म्हणा.

आता ब्रेक. इथेच ते कुत्रं येतं.

मी २००९ मध्ये निवृत्त झालो. वेळच वेळ. जानेवारी २०१० मधल्या एका रविवारी मागच्या ब्रेकचे शू बदलायला घेतले. अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि मागचं चाक काढलं. ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने पुसली. ती फुंकर मारून उडवू नये, पूर्वीच्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला वाईट. नवे शू बसवले, स्प्रिंगा अडकवल्या, चाक जागेवर आणलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकाच्या ड्रमला एका बाजूने झाकण असतं, शू त्या झाकणावर बसलेले असतात. ब्रेक दाबला की शू फिरत्या ड्रमला घासतात, आणि ड्रम त्या झाकणालाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. ते फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी त्याला मागच्या फोर्कशी बांधून ठेवते. पट्टीच्या टोकाला एक नट, आणि नट सैल होऊन पडू नये म्हणून बोल्टच्या भोकातून एक स्प्लिट पिन घालून तिचे पाय दोन बाजूंना वाकवायचे. पिन केवढी? हिच्या केसातल्या आकड्याच्या निम्म्याने. पण ब्रेक लावल्यावरचा सगळा ताण त्या पट्टीवर.

मी तो नट हाताने लावला. पाना आणि पिन शेवटी, आधी चेन आणि चाक सरळ करू म्हणून. तेवढ्यात फाटक वाजलं. माझ्याबरोबरच निवृत्त झालेले एक सहकारी पेन्शनचे कागद घेऊन आले होते. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, सेवापुस्तकातली एक नोंद कशी राहिली आहे, यात दीड तास गेला. चहा झाला, पोहे झाले. ते गेले तेव्हा उजेड कमी व्हायला लागला होता. मी अंगणात आलो, चाक जागेवर दिसलं, अॅक्सलचा नट आवळला, ब्रेकचा रॉड लावून पॅडल जुळवलं, गल्लीत एक चक्कर मारली. ब्रेक उत्तम लागत होता. चिंध्या, जुने शू, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. पिन त्या वर्तमानपत्रावरच होती.

नऊ दिवस मी ती गाडी चालवली. मंडईत, बँकेत, एकदा पसरणी घाटाने पाचगणीला जाऊनसुद्धा आलो. तो घाट उतरतानाचा विचार मी आजही मनात येऊ देत नाही.

दहाव्या दिवशी आम्ही दोघं भुईंजकडे बारशाला निघालो. वेग असेल ताशी चाळीस. रस्त्याच्या कडेला एक कुत्रं झोपलं होतं, ते उठलं आणि सावकाश मध्ये आलं. कुत्रं होतं, हे खोटं नाही. पण ते पंचवीस-तीस पावलं लांब होतं आणि अगदी मध्यम आकाराचं होतं. मी नेहमीसारखा हलका ब्रेक दाबला. खाली 'खट्' असा आवाज झाला, क्षणभर पाय पोकळीत गेल्यासारखा वाटला, आणि लगेच मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी फिरली. ही एका बाजूला पाय सोडून बसलेली. ती उजव्या हातावर पडली. मी गुडघ्यावर. कुत्रं जिथे होतं तिथेच उभं राहून आमच्याकडे बघत होतं.

मागून येणारा टेम्पो थांबला. दोघं-तिघं उतरले, हिला उठवून बसवलं. मी गाडी उचलायला वाकलो तेव्हा दिसलं. पट्टी लोंबत होती, ब्रेकचा रॉड वाकला होता आणि बोल्टवर नट नव्हता. ते एकदा बघितलं आणि सगळं कळलं. फाटक वाजलेलं, पोहे, वर्तमानपत्र, सगळं.

टेम्पोवाल्याने विचारलं, "काय झालं ओ?"

मी म्हणालो, "कुत्रं आलं."

ठरवून बोललो नाही. तोंडातून निघालं. मी सदतीस वर्षं शिकवलं. गृहपाठ केला नाही म्हणून मी कोणाला फारसं मारलेलं नाही. वही घरी राहिली असं खोटं सांगितलं म्हणून मात्र मारलं आहे, आणि चांगलं मारलं आहे. हे माझे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांना आठवत असेल.

दवाखान्यात तोच प्रश्न चार वेळा आला आणि तेच उत्तर चार वेळा दिलं. चौथ्या वेळी ते मला सहज जमलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, सहा आठवडे प्लॅस्टर. संध्याकाळी गाडी बघायला गॅरेजवर गेलो. विद्यार्थ्याने चाकाशी बसून बघितलं, बोल्टच्या रिकाम्या भोकावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "सर, पिन?"

मी काही बोललो नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. नवा नट, नवी पिन घातली, रॉड सरळ केला आणि पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री हिला झोप नव्हती, हात ठणकत होता. मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, रडते आहे. मग म्हणाली, "आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग कुत्रंच राहू दे."

मी म्हटलं, "अगं, पण..."

"अहो, माझे भाऊ तुम्हाला उद्याच गाडी विकायला लावतील. आणि गाडी नाही म्हणून तुम्ही दिवसभर घरात बसलात तर माझं काय होईल?"

अशा वेळीही हिला विनोद सुचतो. पण तो नुसता विनोद नव्हता. नुकताच निवृत्त झालेला माणूस, शाळा सुटलेली. हातातली ती पान्यांची पेटीही गेली असती तर माझं काय झालं असतं ते मलाही दिसत होतं. तिला माझ्या आधी दिसलं होतं. मोडलेला हात तिचा, खोटं माझं, आणि ते पंधरा वर्षं सांभाळलं तिने. भावांसमोर, बहिणींसमोर, दर लग्नात आणि दर मुंजीत.

प्लॅस्टर निघालं तरी मनगटात जोर यायला चार-पाच महिने गेले. तोवर पोळ्या मी लाटल्या. नकाशे कसे यायचे ते विचारू नका. गाडीला मी हात लावला नव्हता, ऑइलसुद्धा गॅरेजमध्येच बदललं. मग जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, हिनेच माळ्यावरून एक स्टीलचं ताट काढलं. कडेला चेंबलेलं, आमच्या लग्नातल्या आहेरातलं. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मी तुमच्या मागे बसेन. पण गाडीचं जे जे काढाल ते यात ठेवायचं. आणि काम झालं की गाडी फाटकाबाहेर काढायच्या आधी मला ताट दाखवायचं."

तेव्हापासून ते ताट. मी त्यात वस्तू घड्याळाच्या आकड्यांसारख्या गोलाकार ठेवतो, पहिली निघालेली बाराच्या जागी, पुढची एकच्या, अशी. लावताना उलट फिरत यायचं. काम मध्येच थांबलं, कोणी आलं, फोन वाजला, तर ताट गाडीच्या सीटवर ठेवायचं, म्हणजे ते उचलल्याशिवाय बसताच येत नाही. स्प्लिट पिन जुनी परत वापरायची नाही, वाकवून सरळ केलेली पिन तुटते. नवी पिन आधीच आणून ताटात ठेवायची. चेन ताणायची असेल तर चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या बघायच्या, आणि चाक मागे सरकलं म्हणजे ब्रेकचं पॅडल पुन्हा जुळवायचं, हे वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज येतो, "ताट रिकामं आहे का?" मी ताट तिरपं करून दाखवतो. एकदा, २०१६ साली असेल, तळाशी एक वायसर निघालं. दोघंही चरकलो. सगळं पुन्हा खोललं, तपासलं, कुठलंच कमी नव्हतं. तीन दिवसांनी लक्षात आलं, ते शेगडीच्या बर्नरचं होतं, हिनेच तिथे ठेवलं होतं. त्यावर मी काही बोललो नाही. माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, २०१३ मध्ये, नव्याने करून घेतली, मग २०१८, मग २०२३. प्रत्येक वेळी तिथला तपासणारा गाडीभोवती फिरून मागचा ब्रेक दाबून बघतो, आणि तेवढा वेळ माझं लक्ष फक्त त्या पिनेकडे असतं. हिचं मनगट थंडीत अजून दुखतं. डिसेंबरात ती पोळपाट थोडा तिरका घेऊन बसते. मी बघतो आणि तिला कळतं की मी बघतोय.

एक गंमत सांगून थांबतो. या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी पिनेचं भोक मला नीट दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली होती, बारा वर्षांची. पिन तिने घातली, पक्कडीने पाय वाकवले, अगदी नीट. म्हटलं, हिला सांगावं, ही एवढीशी वस्तू का महत्त्वाची. मी सुरुवात केली, "अगं, या पिनेचं काय असतं..."

"माहितेय आजोबा," ती म्हणाली. "आजीने मागच्या वर्षीच सांगितलं. कोणाला सांगू नको म्हणाली होती."

म्हणजे घरात हे माहीत असलेली तीन माणसं होती आणि मी दोनच धरत होतो. गॅरेजवाला चौथा. आता तुम्ही सगळे.

थोरले साडू इंटरनेटवर काही वाचत नाहीत. त्यांना हे छापून, टपालाने पाठवणार आहे. कुत्रं गेल्याचं त्यांना वाईट वाटेल. मुलाचा फोन मात्र आजच येईल, तेव्हा काय बोलायचं ते हिने ठरवून ठेवलं आहे, मला सांगत नाही.